मामा म्हणेल तर येईन

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण खोडलं नाही. पोरं बरी आहेत. धाकटी आल्या आल्या सोफ्यावरच झोपली. मोठा फुगून बसलाय; सुट्टी नसताना आत्याकडे का आणलं, असं विचारतोय. वहिनी म्हणाली, घराचं रंगकाम काढलंय. कुठला रंग, असं मी सहज विचारलं, तर तिला सांगता येईना. मग ओट्याला टेकून ती रडायलाच लागली. यांनीच पाठवलंय, कोणाला बोलू नका हं ताई, एवढंच म्हणाली. तुमचे फोन ऐकले जातात, म्हणून तिच्याच हाती हे पत्र देतेय.

गेल्या खेपेला जेवताना तुझं आणि बाबांचं किती जुंपलं होतं! बाबांचं म्हणणं, दोन्ही देशांकडे अणुबॉम्ब आहेत, दोघंही एकमेकांना घाबरून आहेत, म्हणून तर आपण इथे जेवतोय. तू क्षेपणास्त्रं अडवायची यंत्रणा उभारलीस की समोरच्याला वाटणार, आता हा बिनधास्त मारेल. मग तो दुप्पट बनवणार. तू चिडलास. एखाद्या दिवशी कोणाचं डोकं फिरलं तर काय नुसतं घाबरून बसायचं, म्हणालास. बाबा म्हणाले, इंजिनिअरसाहेब, आधी जेवा, निवतंय. मी दोघांनाही मान डोलावली. मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही दोघंही थोडे थोडे बरोबर वाटता. हा माझा प्रामाणिकपणा की भित्रेपणा, तेही कळत नाही.

नंतर भांडी पुसताना तू मला चाचण्यांबद्दल सांगितलंस. समोरून येणाऱ्या क्षेपणास्त्रात म्हणे तुम्हीच एक यंत्र बसवता, ते आपला ठावठिकाणा तुम्हाला कळवत राहतं. पाहुणाच फोन करून सांगतो, कोपऱ्यावर आलो, जिना चढतोय. दार उघडायला काय अवघड! मी हसले. तू मात्र ताट हातात तसंच धरून म्हणालास, खरा पाहुणा फोन करत नाही, ठकू. वर स्वतःसारखे दिसणारे खोटेही सोबत घेऊन येतो.

आणि परवा टीव्हीवर तू शांतपणे सांगितलंस की युद्ध पेटलं तरी तुमच्या यंत्रणेमुळे शहर सुरक्षित आहे. पुढच्या आठवड्यात संसदेच्या समितीपुढेही तेच सांगणार आहेस. खालचे शिंपीकाका मुद्दाम वर आले. तुमच्या दादांमुळे जिवात जीव आला, म्हणाले. त्यांची मुलगी तुझ्या शहरातून लेकराला घेऊन इकडे यायला निघाली होती. ते ऐकून तिने बांधलेलं सामान पुन्हा सोडलं. मी त्यांना पाणी दिलं.

माझी लेकही तिथेच हॉस्टेलवर आहे. वहिनीचं रडणं थांबल्यावर मी लेकीला फोन केला, लगेच निघून ये म्हटलं. ती हसली. आई, तू ना, उगाच घाबरतेस. मामाने स्वतः बनवलीय ती यंत्रणा. मामा म्हणेल तर येईन. खरं कारण सांगता येत नाही, वहिनीला शब्द दिलाय. मी आजारी आहे असं खोटं सांगितलं तर धावत येईल. पण मग तिच्या खोलीतल्या दोघी? काकांची मुलगी? आपलं तेवढं गुपचूप काढून घ्यायचं, तर तुला दोष देणारी मी कोण? आणि तरीही, दादा, तू काही केलं नाहीस तर मी खोटं बोलेन. माझी तत्त्वं गेली खड्ड्यात. पोरांना पाठवताना तुला भाची आठवली नाही, की आठवूनही गप्प बसलास, हे मी विचारत नाही. उत्तर ऐकायची हिंमत नाही. फक्त हे पत्र मिळताच तिला जाऊन भेट, आईकडे जा म्हण. ती हट्टी आहे, का म्हणून विचारेलच. तेव्हा तिला जे सांगशील, तेच समितीपुढे सांग. एवढ्यासाठीच लिहिलं.

अजून तरी तुझीच,
ठकू