वाक्याच्या मधला श्वास

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या सहाच अंगांनी घडतो, दोन अंगांची सूट असावी). तुझी तब्येत विचारत नाही. विचारली की तू म्हणणार, मला काय धाड भरली आहे, आणि डॉक्टरकडे जायचं पुन्हा टाळणार. म्हणून माझीच सांगतो.

माझ्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलं. ठोके वाढू द्यायचे, पण बेतानं. खूण सोपी: चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. आता ही खूण साध्यासुध्या माणसांसाठी. माझी हयात रेडिओवर बातम्या वाचण्यात गेली (धापा टाकत जिने चढायचे आणि लाल दिवा लागला की लोण्यासारख्या आवाजात पुराची बातमी द्यायची). छातीत ढोल वाजत असले तरी माझं बोलणं अडत नाही. तुझ्या भावजयीची साखरझोप मोडवेना, म्हणून पहाटे एकटाच तळ्याकाठी गेलो. धुकं होतं. स्वतःशीच बोलत सुटलो, हवामान सांगितलं, बदकांच्या हालचालींचं सविस्तर वृत्त दिलं. चढ कधी लागला कळलंच नाही. झाडं आपणहून मागे सरकत होती, पाय जमिनीला लागत नव्हते, आणि पुढे धुक्यात तू दोन वेण्या उडवत पळत होतीस. इतकं छान वाटत होतं म्हणून सांगू. मनगटावरचं यंत्र (सुनेची हौस) केव्हाचं कोकलत होतं, ते मी पाखरू समजलो. भानावर आलो तेव्हा बाकावर आडवा होतो आणि एक दूधवाला मला वारा घालत होता.

डॉक्टरीणबाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाल्या, तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही (तुझी भावजय हे लग्नापासून म्हणते आहे). आता ती सोबत येते, यंत्र बघते आणि आकडा चढला की माझी बातमी मधेच तोडते.

तुझा,
धाकटा

ता. क. तुला चालायला मुळीच सांगत नाहीये.

ता. ता. क. काल फोनवर म्हणालीस, खुर्चीत बसले आहे, अगदी मजेत आहे. ताई, श्वास लपवायला मी पगार घेऊन शिकलो, तुला ते येत नाही. तेवढ्या वाक्यात तू दोनदा थांबलीस. मला फार भीती वाटली गं.

पाकिटावर तिकीट नाही, बघितलंस का? मीच दाराखालून सरकवलंय. बाहेर टॅक्सी उभी आहे. चपला घाल. भांडायचं ते गाडीत भांड, पण हळूहळू.