दुहेरी काच बसवू नये

मी, खाली सही करणारा, धंद्याने काचकाम करणारा (आता निवृत्त), धर्माने ख्रिस्ती, राहणार इस्पितळाच्या वळणावरचे घर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि मी बरोबर सांगितला. चिरंजीवांना हाच प्रश्न विचारला असता तर त्यांनी आधी फोन बघितला असता. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसे काही कोणी दाखवल्यास तो माणूस खोटारडा समजावा. तो बहुधा माझा धाकटा भाऊ असेल.

कलम पहिले. घर. हे घर स्वकष्टार्जित आहे. वडिलांनी मागे काही ठेवले नाही, फक्त हा भाऊ ठेवला. घर माझ्या एकुलत्या एक मुलास मिळावे, पण पुढील अटीवर.

पुढच्या खोलीची खिडकी रस्त्याच्या वळणावर उघडते. इस्पितळात जाणारी प्रत्येक अँब्युलन्स तिथे हळू होते. माझी बायको भोंगा ऐकला की हातातले काम टाकून या खिडकीशी जायची, मग चुलीवरचे दूध उतू गेले तरी बेहत्तर. खिडकी उघडून म्हणायची, "प्रभू, आत कोण आहे ते मला माहीत नाही, तुला माहीत आहे. त्याच्याजवळ राहा." बस, एवढेच. ती गेल्यावर हे काम माझ्याकडे आले. मला वारसाहक्काने मिळालेली ही एकच गोष्ट.

चिरंजीव घरे विकण्याच्या धंद्यात आहेत. त्यांचे म्हणणे असे की भोंग्याच्या आवाजाने घराची किंमत पडते, तेव्हा खिडक्या बंद करून दुहेरी काच बसवून घ्यावी. हे तो मला सांगतो. मी अर्ध्या शहराला दुहेरी काच बसवून दिली आहे. दोन काचा असतात आणि मध्ये पोकळी असते. गिऱ्हाईक पैसे मोजते ते त्या पोकळीचे, दुसऱ्याचे ओरडणे आपल्या दिवाणखान्यात येऊ नये म्हणून. मी ते पैसे घेतले आणि त्याच पैशांवर चिरंजीव शिकले. माझ्या घरात मात्र एकेरी काचच राहील, खाली आणि वर दोन्ही खिडक्यांना, आणि दोन्ही खिडक्या उघडतील. अट मोडल्यास घर अँब्युलन्सच्या चालकांना विश्रांतीसाठी द्यावे. ते दमलेले असतात आणि आवाजाची तक्रार करणार नाहीत.

कलम दुसरे. धाकटा भाऊ, ज्याला अख्खी मंडळी पाठीमागे आमेनमास्तर म्हणते. दर शुक्रवारी तो माझ्याच पुढच्या खोलीत प्रार्थनासभा भरवतो. संकटात सापडलेल्या अनोळखी माणसांसाठी मध्यस्थीची प्रार्थना हा त्याचा खास विषय. कुठल्या देशात पूर आला, तो कुठल्या नदीला आला, पाणी कुठवर चढले, हे सगळे तो डोळे मिटून देवाला समजावून सांगतो. देवाचा भूगोल कच्चा असावा असा त्याचा समज दिसतो. एका शुक्रवारी तो जगातल्या सर्व आजाऱ्यांपर्यंत पोहोचला असताना बाहेर भोंगा वाजला. मी उठून खिडकी उघडली. त्याने एक डोळा उघडला आणि म्हणाला, "दादा, खिडकी लाव. प्रार्थना चाललीय." सगळ्यांनी माना डोलावल्या. खिडकीखालून एक आजारी माणूस जात होता आणि त्याचा या लोकांच्या प्रार्थनेत व्यत्यय येत होता. मी खिडकी लावली नाही. तेव्हापासून माझ्यावर अहंकारी असा शिक्का आहे.

भावास पुढच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ द्यावे. त्याच्या घरात ते त्याच्या समोरच्या भिंतीला टांगावे.

कलम तिसरे. हत्यारे. काच कापायचा हिरा, पट्ट्या, पकडी आणि काच उचलायचे रबरी चोषक हे सर्व हमरस्त्यावरच्या काचदुकानदारास द्यावे. गेल्या हिवाळ्यात त्याच्याच दुकानात माझ्या छातीत कळ आली आणि मी मटकन खाली बसलो. त्याने आधी माझ्या हातातली काच काढून घेतली, उजेडात धरून तडा गेला नाही ना ते पाहिले, आणि मग अँब्युलन्स बोलावली. असा माणूस हत्यारे जपतो.

कलम चौथे. वरच्या मजल्यावरची भाडेकरीण. तिला मी आजवर 'वरची' म्हणत आलो, आणि कोर्टाच्या कागदांत 'प्रतिवादी'. ती बस डेपोत तिकीट तपासनीस आहे आणि फुकट्या प्रवाशाला खाली उतरवायचा आवाज घरातही वापरते. माझ्या खिडकीच्या बरोबर वर तिची खिडकी आहे आणि तीत कुंड्या आहेत. भोंगा वाजला की मी खाली खिडकी उघडायचो, आणि नेमकी तेव्हाच ही बाई वर झारी घेऊन हजर. कुंड्यांतले मातकट पाणी माझ्या काचेवर यायचे, कधी टकलावरही. दर वेळी हेच. ज्याची हयात काचेत गेली त्याच्या काचेवर चिखल. हा जाणूनबुजून केलेला छळ आहे असे मी दाव्यात लिहिले आणि खोली खाली करून मागितली. भावाने पुरवणी माहिती दिली की ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसते आणि त्याची प्रार्थना सुरू झाली की ड्युटीचे कारण सांगून उठते, म्हणजे विश्वासात कोमट आहे. त्याची प्रार्थना सुरू होताच उठणारी बाई शहाणी असू शकते, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आले नाही.

तर त्या हिवाळ्यात मी अँब्युलन्समध्ये आडवा होतो. मला भीती वाटत होती. हे लिहायला मला लाज वाटत नाही. इतकी वर्षे दुसऱ्यांसाठी म्हटलेले चार शब्द स्वतःसाठी आठवेनात. वळणावर गाडी हळू झाली. शेजारचा मदतनीस मला ओळखत नव्हता. तो म्हणाला, "घाबरू नका, बाबा. या वळणावरच्या घरात दोन माणसं आहेत. आपली गाडी आली की खिडकीत येतात आणि प्रार्थना करतात. खाली एक म्हातारा आणि वर एक बाई. बाईच्या हातात झारी असते, पण डोळे मिटलेले असतात. आम्ही सगळ्या पेशंटना सांगतो." मग तो वाकून बाहेर बघू लागला. "आज खालचा म्हातारा दिसत नाही. बाई आहे पण."

खालचा म्हातारा मास्क लावून त्याच्यासमोरच आडवा होता. त्या क्षणी मला बळ आले आणि भीती गेली. प्रभू येशू त्या गाडीत माझ्याजवळ होता, हे मी शपथेवर लिहितो. भावाच्या शुक्रवारच्या सभेलाही तो येत असेल, पण तिथे माझी त्याची गाठ कधी पडली नाही. माझ्याकडे यायला त्याने नेमकी प्रतिवादीची खिडकी निवडावी, हे मात्र मला अजून पचलेले नाही.

बरा होऊन घरी आलो आणि जिना चढलो. तिने दारातच सांगितले की ती झाडांना पाणी घालते, त्यात काय एवढे. मी म्हणालो, "झाडं केव्हाच कुजलीत, बाई."

"नुसतं उभं राहायला लाज वाटते, काका," ती म्हणाली. "तुम्हाला बघून रस्त्यावरचे लोक हसतात, मी बघितलंय. हातात झारी असली की कोणी विचारत नाही." मग त्या दिवसाचे तिने आपणहून सांगितले. "खाली तुमच्या खिडकीची कडी वाजली नाही. म्हटलं, म्हातारा आज कुठे उलथलाय. म्हणून मग आत जो कोणी होता त्याच्यासाठी तुमच्या वाटचंही मीच म्हटलं."

आत मी आहे हे माहीत असते तर, असे मी विचारले. ती म्हणाली, "तर आधी कोर्टाची तारीख आठवली असती."

ती खरे बोलली. ती मला अजूनही आवडत नाही, पण दावा मी मागे घेतला आहे. वरची खोली तिच्या हयातीपर्यंत तिच्याकडे राहील आणि चिरंजीवांनी भाडे वाढवू नये. तिला माझ्याकडून भेट काही नाही. मेलेली झाडे फेकून द्यावीत आणि लोकांना हसू द्यावे, एवढा सल्ला.

कलम पाचवे आणि शेवटचे. पुढच्या खेपेस मी त्याच गाडीतून जाईन आणि परत येणार नाही, हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसते. त्या वेळी वरचीला कळवू नये, गाडीही दाराशी न बोलावता हमरस्त्यावर बोलवावी. कळले तर तिला दावा आठवेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे माझी दया येईल. मला अनोळखी माणसासाठी म्हटलेली प्रार्थना हवी आहे. एकदा ती माझ्या वाट्याला आली आहे आणि तिच्यात भेसळ नसते. पण खालची कडी वाजली नाही तर तिला संशय येणार. म्हणून चिरंजीवांनी तेव्हा माझ्यासोबत गाडीत बसू नये. घरी थांबावे, भोंगा ऐकू आला की कडी वाजवून खिडकी उघडावी आणि उभे राहावे.

वकिलांनी नाक मुरडून लक्षात आणून दिले की मृत्युपत्र मरणानंतर उघडतात, त्यामुळे हे कलम निरुपयोगी आहे. एवढी अक्कल मलाही आहे. म्हणून ते मी आज चिरंजीवांना समोर बसवून वाचून दाखवले. त्याने फोन उपडा ठेवला होता, याची नोंद व्हावी.

"मी काय म्हणायचं, बाबा?" त्याने विचारले.

"काही जमलं नाही तर नुसता उभा राहा."

"किती वेळ?"

"गाडी वळेपर्यंत."

तो उठून खिडकीशी गेला आणि त्याने कडी वाजवून पाहिली. वरून लगेच आवाज आला, "गाडी आली का, काका?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मग खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला, "नाही, अजून नाही."

सही: (घरमालक, काचकाम करणारा)

साक्षीदार पहिला: मंडळीचे पाळकसाहेब. भावाविषयीचा मजकूर सौम्य करावा असे त्यांनी सुचवले. केलेला नाही.

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा औषधदुकानदार. त्याने न वाचताच सही केली.

ठिकाण: पुढची खोली, खिडकी उघडी.

तारीख: आजची. मंगळवार आहे, डॉक्टरांना विचारावे.