माझ्या मिक्सरवर डोळा

५ सप्टेंबर, सोमवार

काहीतरी शिजतंय! सरावाच्या खोलीत मी शिरले आणि सगळे एकदम गप्प. धाकट्या भावाने गिटारच्या तारा जुळवायला घेतल्या — आधीच जुळलेल्या होत्या, मला काय कळत नाही? भावजय फोनमध्ये डोकं घालून बसली. ढोल्या तेवढा हसला, पण तो काय, नेहमीच हसतो. ड्रमच्या मागे बसलं की दुसरा उद्योग काय असतो माणसाला.

"ताई, चहा घेणार?" भावजय म्हणाली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हिने मला आपणहून चहा विचारल्याचं आठवत नाही.

शुक्रवारी महोत्सवाचा पहिला दिवस. रॉक आणि मेटलचा एवढा मोठा महोत्सव, आणि पहिलं गाणं आमच्या बँडचं! धाकटा गातो — म्हणजे गुरगुरतो, किंचाळतो, लोकांना तेच हवं असतं — आणि समोरच्या तंबूत मिक्सरवर मी. तो कॉलेजात असताना पहिल्या कार्यक्रमाला उसना मिक्सर घेऊन मी बसले, ती अजून उठलेले नाही. कोणत्या वाद्याचा आवाज किती, कोण पुढे, कोण मागे, ते माझी बोटं ठरवतात. ही खुर्ची गेली तर माझ्याकडे राहतं काय? रिकामं घर आणि कुंड्या.

आणि या खुर्चीवर कोणाचा तरी डोळा आहे. नक्की.

६ सप्टेंबर, मंगळवार

माणूस सापडला!

केसांची शेपटी, हातात टॅबलेट. सरावाला आला आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसला. "मदतीला आहे," भावजय म्हणाली. कोणाच्या मदतीला? मी मागितली होती? हिच्या नात्यातला निघाला. "लांबचा," म्हणे. लांबचा माणूस इतक्या जवळ येऊन कशाला बसतो?

धाकट्याचं पुन्हा तेच. "ताई, सिंबल कुठे गेले? ढोल्या नुसता हात हलवतोय असं वाटतंय." गेले काही महिने हेच चाललंय. सिंबल होते! त्या पितळी थाळ्या चांगल्या खणखणत होत्या. तरी वर केले. म्हणतो, अजून. आणखी केले. ढोल्याने स्वतःच कानात बोटं घातली. आणि हा — "अजून थोडे, आवाजाला धारच नाही!"

मला सगळं समजतं. कामात खोट काढायची, चारचौघांत बोलून दाखवायची, म्हणजे उद्या हाकलताना जड जात नाही. शेपटीवाला माझ्याकडे न बघता टॅबलेटवर काहीतरी टिपत होता.

७ सप्टेंबर, बुधवार

शेपटीवाल्याने आज माझ्या मिक्सरच्या मागच्या सगळ्या वायरींचे फोटो काढले. विचारलं तर म्हणे, "शिकतोय, मॅडम." मॅडम!

८ सप्टेंबर, गुरुवार

मुद्दाम ऐकलं नाही. धाकट्याच्या घराच्या जिन्यावर होते, दार उघडं होतं, आणि भावजयीचा आवाज काही हळू नाही. फोनवर म्हणत होती, "उद्या ताईंना काही कळता कामा नये. एकदा कार्यक्रम पार पडू दे, मग बघू."

मी तशीच खाली उतरले. वर गेलेच नाही. धाकट्याला द्यायला नव्या वायरी घेतल्या होत्या, त्या पिशवीतच राहिल्या.

ती परकी आहे, तिचं सोडा. पण हा? आई गेली तेव्हा हा शाळेत होता. याचे डबे मी भरले, याच्या केसांवरून शाळेतून आलेल्या तक्रारी मी ऐकल्या, हा पहिल्यांदा बेंबीच्या देठापासून किंचाळला तेव्हा शेजाऱ्यांची माफी मी मागितली. मला खूप वाईट वाटतंय. रागही येतोय, पण वाईट जास्त.

उद्या मी असा आवाज लावीन की तोंडात बोटं घालतील सगळे. मग काढा म्हणावं.

९ सप्टेंबर, शुक्रवार

आधी लिहून काढते. मग काय रडायचं ते रडेन.

सकाळी साउंडचेक झाला, छान झाला. एकेक फेडर — मिक्सरवरच्या त्या सरकत्या पट्ट्या, एकेका वाद्याला एकेक — सरकवून पाहिला. सगळे चोख. मैदान रिकामं, आणि ढोल्याचा एक ठोका पार कुंपणापर्यंत जाऊन परत आला. माझ्या अंगावर काटा आला. एवढं मोठं मैदान मला आजवर मिळालं नव्हतं.

दुपारी दारं उघडली आणि माणसं लोटली. पायापासून डोक्यापर्यंत काळे कपडे, हातांवर कवट्या गोंदलेल्या, कोणी तोंडाला रंग फासलेला. एक आजोबा नातीला खांद्यावर घेऊन, तिच्या कानांवर ही मोठी लाल झाकणं! आणि सगळे इतके सभ्य की मलाच संशय यायला लागला. पायावर पाय पडला तर तिघांनी माफी मागितली, त्यातल्या दोघांचा तर पाय पडलाच नव्हता. एका दाढीवाल्याने माझी पिशवी तंबूपर्यंत आणून दिली. मी तरी पिशवी उघडून पाहिली. सगळं जागेवर होतं.

शेपटीवाला आधीच तंबूत. मला उभं राहून खुर्ची दिली. माझीच खुर्ची, मला!

मग धूर, स्टेजवरचा काळा पडदा सरकला, आणि धाकट्याची पहिली किंकाळी. समोरची गर्दी एकदम उसळली, हजारो डोकी वरखाली. क्षणभर सगळं विसरले मी. हा माझा धाकटा!

पण सिंबल. पहिल्या कडव्यापासून सिंबल सुईसारखे कानात घुसत होते. फेडर खाली घेतला. फरक नाही. आणखी खाली. नाही. शून्यावर आणला — आणि सिंबल आपले तसेच वाजतायत! तंबूच्या अगदी पुढे उभ्या एका बाईने दोन्ही कान दाबून धरलेले मला दिसत होते.

मी गिटार खाली ओढली. गिटार चालूच. धाकट्याचा आवाज खाली ओढला. तो किंचाळतोच आहे. मग दोन्ही हातांनी सगळेच्या सगळे फेडर तळाला नेले. गाणं आपलं दणक्यात चालू, मैदान नाचतंय, आणि माझ्या मिक्सरवर नुसते दिवे लुकलुकतायत.

आवाज माझ्याकडून जातच नव्हता. साउंडचेकनंतर स्टेजच्या बाजूला दुसरा मिक्सर जोडला होता, आणि हा बाबा टॅबलेटवर बोटं फिरवून तो चालवत होता. लहान मुलाच्या हातात खोटं स्टिअरिंग द्यावं, तशी मी तिथे बसले होते.

त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"निदान सिंबल तरी कमी कर! लोकांचे कान फाटतायत!"

"मलाही जास्तच वाटतायत, मॅडम. पण दादांनी बजावलंय, ह्याच्या खाली आणायचे नाहीत." दादा म्हणजे आमचा धाकटा!

बाकीची गाणी मी हात मांडीवर ठेवून ऐकली. उठून गेले असते तर सगळ्यांना कळलं असतं.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या मागे धाकट्याला गाठलं. घामाने निथळत होता, आनंदात होता. मला पाहिलं आणि चेहरा पडला.

"ताई, रागावू नकोस. तुला हल्ली ऐकू येत नाही गं."

"काय?"

"बारीक आवाज. सिंबलचे वगैरे. किती महिने सांगतोय मी, आणि तू म्हणतेस आहेत, आहेत! आजचा दिवस फार मोठा होता. फक्त आजच्यापुरतं केलं."

"मग तोंडावर सांगायचंस!"

"तुला? कसं सांगणार? तू आहेस म्हणून तर मी इथे उभा आहे."

भावजय बाजूला उभी राहून डोळे पुसत होती. नाटकी! मी तडक बाहेर पडले. दारातल्या मुलीने मनगटावरचा प्रवेशाचा पट्टा कापताना विचारलं, "मजा आली का?"

१० सप्टेंबर, शनिवार

महोत्सवाचा दुसरा दिवस. गेले नाही. फोन उचलला नाही.

दिवसभर स्वतःची परीक्षा घेतली. कानाजवळ बोटं चोळली, ऐकू आलं. घड्याळ उशीखाली ठेवलं, ऐकू आलं. पण खरंच आलं, की येणार हे माहीत होतं म्हणून आलं? नळ टपकतोय असं वाटून उठले, नळ कोरडा. म्हणजे नसलेलंही ऐकू यायला लागलं! काल जो राग होता, त्याची आज भीती झालीय. खरं असेल तर? इतकी माणसं एकदम खोटं कशाला बोलतील?

१२ सप्टेंबर, सोमवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. काचेची छोटी खोली, कानाला हेडफोन, हातात बटण. टिक ऐकू आलं की दाबायचं. घामाने बटण निसटत होतं.

"तुमच्या वयाला उत्तम आहेत कान," बाई म्हणाल्या. "बारीक आवाजसुद्धा स्वच्छ येतायत."

मी म्हटलं, पुन्हा करा. हिला भावजयीचा फोन आला असेल तर? मग लक्षात आलं, भावजयीला माझे कान बिघडलेले हवेत, चांगले नव्हे! तरी पुन्हा करायला लावलं. हेडफोन उलटसुलट करून. बाई हसल्या, पण केलं. तेच उत्तर.

म्हणजे मी बरोबर होते! महिनोन्‌महिने बरोबर होते! येताना रस्त्यात मी मोठ्याने हसले, एक माणूस बाजूला सरकला. उद्या जाते धाकट्याच्या घरी. दोघांना समोर बसवून सांगते. माफी मागितल्याशिवाय हलणार नाही.

१३ सप्टेंबर, मंगळवार

गेले. दार धाकट्यानेच उघडलं. ओशाळला. "बस ताई," म्हणाला, फ्रिजमधून पाणी काढून दिलं आणि टेबलाशी बसला. फ्रिजचं दार नीट लागलं नाही. थोड्या वेळाने फ्रिज ओरडायला लागला — टीं, टीं, टीं. बारीक, टोचणारा आवाज.

मी वाट पाहिली. हा उठेल, लावेल. हा माझ्या पाण्याच्या पेल्याकडे बघत बसलेला. टीं, टीं. त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर.

"काही आवाज येतोय का रे?" मी विचारलं.

"कसला? नाही." मग कान देऊन, अगदी मनापासून, "नाही गं."

आतून भावजय आली, जाता जाता पायाने दार लोटलं. "हा असाच! फ्रिज बोंबलून बोंबलून दमतो, हा आपला तंद्रीत."

तंद्री नाही ती. इतकी वर्षं तो ढोल्याच्या पुढ्यात, सिंबलच्या शेजारी उभा राहून गातोय. आणि मी लांब, तंबूत. म्हणून त्याला सिंबल हवे असतात — अजून, अजून थोडे.

पाणी प्यायले. म्हटलं, शुक्रवारी छान गायलास.

१४ सप्टेंबर, बुधवार

भावजयीला सगळं सांगितलं. फोनवरच रडली. खरी रडली. डॉक्टरीणबाईंनाही सांगून ठेवलंय, उद्या मला ओळख दाखवू नका.

मग धाकट्याला फोन केला. तुझंच खरं रे, म्हटलं, माझे कान गेले असणार. पण त्या काचेच्या खोलीत एकटीने बसायची भीती वाटते. आधी तू बसून दाखव, मग मी बसते.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "घाबरू नकोस, ताई. मी आहे ना."