अक्का, तू घासाघीस का केली नाहीस?

प्रिय अक्का,

काल तुझ्या सलोमीचा फोन आला, म्हणून लिहितोय. रविवारी तुझी वर्षाची स्मरणप्रार्थना आहे, अंबरपेठच्या घरीच. "मामा, मम्मीनं सांगून ठेवलेला शास्त्रपाठ तुम्हीच पढा. मला मराठी बोलता येतं, वाचायला नै जमत. चर्चचे नवे पाळक तर तेलुगू." म्हणजे जो भाऊ वर्षभर चर्चची पायरी चढला नाही, त्याच्याच गळ्यात बायबलातला यशया संदेष्टा. ही व्यवस्था तुझीच, दुसरं कोण करणार?

पाठ गवताचा. माणूस म्हणजे गवत, देवाचा श्वास लागला की वाळलं, टिकतं ते त्याचं वचन. असू दे. मला चीड येते ती त्याची नाही, तुझी.

अगं, सुलतान बाजारात परकराच्या कापडासाठी तू दुकानदाराला रडकुंडीला आणायचीस. भाव जमला नाही की पाठ फिरवून चालू लागायचीस, माझ्या दंडाला धरून. "मागे बघू नको शमू, हाक मारतोच." आणि तो मारायचा, "आओ अम्मा, ले जाओ." मग देवाने भाव सांगितला तेव्हा काय झालं? पहिल्या बोलीला कबूल!

डॉक्टरांनी हात टेकले त्या आठवड्यात चर्चच्या बायका आल्या होत्या. "अक्का, हिज्कीया राजासारखं मागू या. त्यालाही मरणाचा निरोप आला होता. रडला, तर पंधरा वर्षं वाढवून मिळाली."

"नक्को बाई," तू म्हणालीस. "मिळाली आणि केलं काय? बाबेलचे पाहुणे आले, त्यांना खजिना दाखवत बसला. पुढं तेच सगळं लुटीत बाबेलला गेलं."

बायका हसल्या. मीही हसलो. विनोद लिहून पोट भरणारा माणूस, चांगला विनोद वाया कसा घालवणार?

पण आता विचारतो. तूही दाखवली असतीस पाहुण्यांना तुझी स्टीलची भांडी. पंधरा वर्षं दाखवली असतीस. ती कोण बाबेलला नेणार होतं?

"तो धनी आहे, धन्याशी घासाघीस नसते," हे तुझं ठरलेलं. मग हिज्कीयाचं कुणी ऐकलं? मरणाचा तो निरोप देऊन हाच यशया वाड्याच्या मधल्या अंगणातून बाहेरही पडला नव्हता, तोच त्याला माघारी धाडला. धन्याने आपला शब्द फिरवला, अक्का, कुणीतरी मागितलं म्हणून. एवढं शास्त्र तुला तोंडपाठ, आणि नेमकं हेच दिसलं नाही?

शेवटच्या दुपारी, त्याच घरात, तू भिंतीकडे तोंड केलंस. हिज्कीया राजानेही मागताना तसंच केलं होतं. मला वाटलं, आता मागतेय. मी कान तुझ्या तोंडाशी नेला.

"ऊन डोळ्यावर येतंय," म्हणालीस. "पडदा ओढ."

ओढला.

तेव्हापासून मी देवाकडे पाठ करून चालतोय, तू शिकवलंस तसं, मागे न बघता. हाक आलेली नाही. सलोमीचा फोन आला, तेवढाच. तो हाकेत धरायचा का, हे आता कुणाला विचारू?

रविवारी येतो. गवताचा पाठ वाचीन, एकही शब्द न गाळता. आणि लगेच हिज्कीयाचाही वाचीन, तू नक्को म्हटलंस तरी, तुझ्या त्या भिंतीकडे तोंड करून. तुझ्यासाठी मागायला उशीर झालाय, ते मला कळतं. पण तो भाव आम्हाला कबूल नव्हता, एवढं त्याच्या कानावर घालून ठेवतो.

तुझा,
शमू