एकटी पलीकडे

आये, आज तुझी नात एकटी तरीच्या होडीतून खाडीपलीकडे गेली. तू तिला पाहिलं नाहीस, तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती झाली. सात वर्षांची आहे. नाक तुझं आणि हट्टही तुझाच. मामाच्या घरी आता माझी मामेबहीण राहते, तिला डबाभर घावणे पोचवायचे एवढंच काम होतं. पण सकाळपासून मला चहासुद्धा धड गेला नाही. नवरा म्हणाला, एवढी भीती वाटते तर पाठवू नकोस. त्याला सांगणं सोपं आहे, तो बोटीवर आहे, फोनवरून बाप होतो.

हे सगळं त्या कार्टूनमुळे झालं. टीव्हीवर एक पाणमांजराचं पिल्लू येतं. त्याची आई त्याला प्रत्येक भागात एकटं कुठेतरी पाठवते, कधी दुकानात, कधी नदीपार आजारी शेजाऱ्याकडे. पिल्लू वाट चुकतं, रडतं, मग स्वतःच काहीतरी युक्ती काढतं आणि जेवायच्या वेळेला घरी. आई तोवर घरात गुणगुणत भाकरी भाजत असते. एकदाही ती दाराकडे बघत नाही. मी लेकीबरोबर बसून ते सगळे भाग पाहिले, आणि खरं सांगते, मला त्या आईचा राग यायचा. त्या नदीला ओहोटी नाही, भोवरा नाही, दारू पिऊन स्कूटर उडवणारे पर्यटक नाहीत. पण शाळेच्या पालकसभेत बाईंनी तेच कार्टून दाखवलं आणि मुलांना मोकळं सोडा, धीट होऊ द्या असं सांगितलं. सगळ्या आयांनी माना हलवल्या, मीही हलवली. घरी आल्यावर लेकीने मला बरोबर पकडलं. म्हणाली, "तेची आवस तेका एकटा धाडता. तू माका कित्याक नाय धाडणस?"

तू मला सहाव्या वर्षी त्याच तरीतून धाडायचीस. तुला काजूच्या कारखान्यात वेळेवर पोचायचं असायचं, बाबा बोटीवर, घरात दुसरं कोणी नाही. त्याला कोणी धीटपणा शिकवणं म्हणत नव्हतं. मी रडले की तू काजूच्या चिकाने काळवंडलेल्या बोटांनी माझं नाक पुसायचीस आणि म्हणायचीस, "रडान काय होता? पाय दिल्ले आसत मां देवान? चल, बस होडयेत." झालं, एवढंच. पण तेव्हा होडीत बसलेली प्रत्येक बाई मला ओळखायची. कोणाचं चेडू, कोणाकडे चाललंय, डोक्याला तेल का नाही, सगळ्या चौकशा पाणी ओलांडेपर्यंत व्हायच्या, आणि मला वाटायचं मी एकटी जाते. आता किनाऱ्यावरची निम्मी घरं पर्यटकांना राहायला दिलेली आहेत. माझ्या मुलीला तिथे कोण विचारणार आहे, तू कोणाची म्हणून?

तरीच्या काठावर तिने लाईफ जॅकेटचे पट्टे स्वतः लावले. मला हात लावू दिला नाही. होडीला आता इंजिन आहे, होडी चालवणारा तारी ओळखीचा आहे, पलीकडे मामेबहीण उभी आहे हे मला इथून दिसत होतं. तरी होडी सुटली तशी मी पाण्याच्या कडेपर्यंत गेले. आणि बरोबर खाडीच्या मध्यावर इंजिन बंद पडलं. तारी दोरी ओढतोय, ओढतोय, पण काही नाही. ओहोटी लागली होती. होडीचं नाक हळूहळू फिरलं आणि ती समुद्राच्या दिशेने सरकायला लागली. नारिंगी जॅकेट लहान लहान होत चाललेलं मी बघत होते. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, कारण पाण्यावर निघालेल्याला मागून हाक मारायची नाही, हे तुझ्याकडूनच अंगात मुरलंय. आई असून मी माझ्या मुलीला हाक मारू शकले नाही, आये. मग मी वळले. वडाखालच्या राखणदार देवाच्या दगडाकडे तोंड केलं आणि मोठ्याने, पर्यटकांच्या देखत, गाऱ्हाणं घालायला लागले. "बा देवा म्हाराजा, तू ह्या तरीचो राखणदार आसस. माझा चेडू एकटा पाण्यार गेला हा. तेका सांभाळ आणि सुखरूप माझ्याकडे परत घेवन ये रे म्हाराजा."

माशांच्या पाट्या घेऊन तरीची वाट बघणाऱ्या तीन-चार बाया होत्या, मी एकीलाही ओळखत नव्हते. पाट्या खाली ठेवून त्या, गाऱ्हाण्याला साथ देतात तशा, एका सुरात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

त्या क्षणी मला तुझी पाठ आठवली. मी लहानपणी होडीतून वळून बघायचे तेव्हा मला नेहमी तुझी पाठच दिसायची. मला वाटायचं, हिला कारखान्याची घाई आहे, होडी सुटायच्या आधीच ही वळते. इतकी वर्षं मी तेच धरून बसले होते. तू दगडाकडे तोंड करून उभी असायचीस हे मला आज, तुझ्या जागी उभी राहिल्यावर कळलं. तू घाबरायचीस, आये. रोज, दर खेपेला घाबरायचीस, आणि पुसलेलं तोंड घेऊन कारखान्यात जाऊन काजू सोलायचीस.

तारीने शेवटी बांबू टेकवून होडी पलीकडच्या उथळ पाण्यात घेतली. मामेबहिणीने हात हलवला तेव्हा मी तिथेच वाळूत बसले. संध्याकाळी लेक परत आली ती उड्या मारत. इंजिन बंद पडलं ही तिच्यासाठी आजची सगळ्यात मोठी मजा. उद्या परत जायचं म्हणते, आणि मी हो म्हणून बसले आहे, कारण नाही म्हणायला माझ्याकडे भीतीशिवाय दुसरं कारण नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुझा पत्ताच नाही. ती एकटी जाईल गं. मला मात्र उद्या तरीवर तुझ्याशिवाय एकटीने उभं राहायचं नाहीये.