नाकातला काळा रंग

बाबा, तुमच्या नाकातून काळं आलं तेव्हा आपल्या कारखान्यात कुणाला काही वाटलं नाही. पेणमध्ये गणपती रंगवणाऱ्याच्या नाकातून सीझनभर रंगच येतो. कधी पितांबराचा पिवळा, कधी उंदराचा काळा. तुम्ही नुकते कोरोनातून उठला होतात, साखर चढलेली, एक गाल बधिर. तरी आई म्हणाली, "फवारणीचा रंग हाय तो, वाफ घ्या जरा." मी सासरहून, रोह्याहून आले तेव्हा तुमचा डावा डोळा मिटला होता, आणि ती अजून रुमालाने नाक पुसत होती. बुरशीला आपण रंग समजत होतो.

पनवेलच्या डॉक्टरांनी मला स्कॅनची फिल्म दाखवली. बुरशी नाकातून डोळ्यामागे गेलेली, तिथून मेंदूत. ती रक्तवाहिनीत शिरते, रक्त अडवते, मग पुढचा भाग मरून काळा पडतो. तुमचा कपाळामागचा मेंदू मरत होता. माणसाचा स्वभाव तिथेच सांभाळला जातो म्हणे. "वागण्यात काही फरक वाटतो का?" त्यांनी विचारलं.

लहानपणी मूर्तीचे डोळे आखायला मी एकदा कुंचला उचलला, तर तुम्ही त्याचीच दांडी माझ्या बोटांवर मारलीत. "पोरीचा हात लागला तर देव आंधला व्हईल." पुढे लग्न होईपर्यंत मी फक्त उंदीर रंगवले. आणि आता, अर्धं वाकडं झालेल्या त्याच तोंडाने, तुम्ही माझा हात धरून विचारत होतात, "बाय गो, जेवलीस का? यंदा डोले तूच काढ." असं तुम्ही जन्मात बोलला नव्हतात. मला संताप आला, आणि संतापाहून जास्त गोड वाटलं. बापाची माया मिळायला त्याचा मेंदू सडावा लागला. मी मान डोलावली आणि तुम्हाला चमच्याने पेज भरवली.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर म्हणाले, डोळा काढावा लागेल, पण सूज उतरली तर वागणं-बोलणं पहिल्यासारखं होऊ शकेल. आईने तिथेच पदर पसरला. मीही तिच्या शेजारी हात जोडून उभी राहिले. तुम्ही टेबलावरच गेलात.

इतकी वर्षं झाली, आई अजून सांगते की आम्ही दोघींनी मिळून तुमच्यासाठी देवाला साकडं घातलं होतं. हे पत्र तिच्या हाती लागू देणार नाही. मी मागितलं होतं ते एवढंच, की पहिले बाबा परत येऊ नयेत.