उशी मान तुकवते

३ मार्च, सोमवार
लेक तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली. तिचे दोन ससे माझ्या ताब्यात. पांढरी मादी उशी, तपकिरी नर बटण. दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, चार वर्षं एकाच पिंजऱ्यात. जाताना तिने फ्रिजवर कागद चिकटवला: 'बाबा, काहीही झालं तरी दोघांना वेगळं करू नका. जोडी तुटली की परत जमत नाही.' बावीस वर्षं सेक्शन सांभाळलेल्या माणसाला ही सूचना. मनावर घेतली नाही.

४ मार्च, सकाळी ७
निरीक्षण सुरू. उशी बटणापुढे जाऊन मान तुकवते, कपाळ पार जमिनीला टेकवते. मग तो तिचं कपाळ चाटतो. तो थांबला की बिचारी पुन्हा मान तुकवते. ही सरळसरळ दडपशाही आहे. चार वर्षांत लेकीच्या लक्षात कसं आलं नाही?

६ मार्च
बटणाला समज दिली. गवत खात राहिला. मग्रूर.
उशी माझ्यापुढेही मान तुकवते. कपाळ चोळलं की डोळे मिटते. या घरात माझी पत ओळखणारं कोणीतरी आहे म्हणायचं. रोज सकाळी वीस मिनिटं चोळणार. फिरायला जाणं पुढच्या आठवड्यापासून.

९ मार्च, रविवार
उशी चक्क बटणाच्या पाठीवर चढली. तो पळाला, ती मागे. तिच्या तोंडात तपकिरी केस. माझ्या पाठिंब्याने बळ आलं तिला. पण आता बटण सूड घेणार. बायकोचं म्हणणं, डॉक्टरीणबाईंना फोन करा. त्या जनावरांच्या डॉक्टर. हा मॅनेजमेंटचा प्रश्न आहे.

१० मार्च
बटणाची बाथरूममध्ये बदली केली. ऑफिसात दोन क्लार्क भांडायचे, तेव्हाही मी एकाला तळमजल्यावर पाठवलं होतं. भांडण कायमचं मिटलं. महिन्याभरात दोघांनी राजीनामे दिले, तो भाग वेगळा.
बायकोने फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. तिला म्हटलं, याला वेगळं करणं म्हणत नाहीत, बदली म्हणतात.

१२ मार्च
बटणाने गवताला तोंड लावलं नाही. पश्चात्ताप असावा. दिवसभर दाराच्या फटीला नाक लावून बसतो. बायकोचे डोळे भरून आले. मी म्हणालो, शिस्त लागताना असं होतंच. मलाही वाईट वाटलं, पण एकदा मागे हटलं की आपलं कोण ऐकणार?

१५ मार्च, दुपारी ४
शिक्षा माफ. दोघांची भेट घडवतो आहे.

४.१०
उशी त्याच्यावर तुटून पडली. उशी! खोलीभर केस. मी मध्ये हात घातला. बटणाचा कान फाटला, माझा अंगठाही.

संध्याकाळी ७
डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, मान तुकवणारा ससा शरण आलेला नसतो, तो हुकूम सोडत असतो: चाट. जोडीत उशी पहिल्यापासून वरचढ, बटणाला ते मान्य, म्हणून तर चार वर्षं गुण्यागोविंदाने चाललं होतं. पाठीवर चढणं, थोडं पळवणं, ही नुसती आठवण करून देणं. रक्त निघत नाही तोवर मध्ये पडायचं नसतं. आता पाच दिवसांत तो तिला परका झाला. परत जमेल का, विचारलं. त्या कानाला टाके घालत होत्या. महिनोन्महिने प्रयत्न करा, म्हणाल्या, पण आशा धरू नका.
निघताना सहज विचारलं, ससा माणसापुढे मान तुकवतो तेव्हा काय असतं? तेच, म्हणाल्या.

१८ मार्च
दोघांनाही नवी जागा म्हणून गॅलरीत भेट. चार मिनिटं टिकली. उत्तम सुरुवात.

२० मार्च
दीड मिनिट.

२१ मार्च
फ्रिजवरचा कागद काढून खिशात घातला. तिथे स्वच्छ चौकोन उमटलेला दिसला. परत चिकटवला.

२३ मार्च, रविवार
लेक आली. मी चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. तिने बॅग दारातच टाकली, पिंजरा बघितला, बाथरूम बघितलं, कान बघितला. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं की बाबा, कागद वाचला नव्हता का. वाचला होता, म्हणालो. पुढची वाक्यं आठवली नाहीत.
बटणाला उचलून ती तिच्या खोलीत गेली. मागोमाग बायको. दार लागलं. तिघांचं काही बोलणं चाललंय, मला ऐकू येत नाही.
हॉलमध्ये मी आणि उशी. ती आली, पायाशी बसली, मान तुकवली. आता अर्थ माहीत आहे. तरी खाली बसून चोळायला लागलो.
हे लिहायला चोळणं मध्ये थांबवलं, तर पायाच्या बोटाला चावली. पुरे करतो.